लाल रंगाचा राखाडी

ग्युमरीत मार्चमध्येही बर्फ असतो,
रस्त्याकडेला सारलेला, काजळीने मळलेला.
तो तुडवत वार्सेनिक आली
हमायाकच्या स्टुडिओत,
पायपुसण्यावर तीनदा बूट घासले
आणि म्हणाली, दगडासाठी फोटो हवाय.
माझाच.

मी बाकावर होते, व्हिसाच्या फोटोसाठी थांबलेली.
मला वाटलं, चुकीचं ऐकलं.
हमायाकला काही वाटलं नाही.
इथे थडग्यांवर माणसं कोरतात,
काळ्या बेसाल्टवर, कमरेपासून वर,
एखादा तर हातातल्या सिगारेटसकट.
तिच्या नवऱ्याच्या दगडाची उजवी बाजू
सदतीस वर्षं कोरी आहे.
हात फिरवून फिरवून
तेवढीच जास्त चकाकते म्हणे.

पिशवीतून तिने त्याला बाहेर काढलं.
सेरोब, वय एक्केचाळीस.
फॅक्टरीच्या ओळखपत्रावरचा,
खांद्यावर शिक्क्याचा अर्धा चंद्र,
उजेड एकाच अंगाने.
"आणि मी अठ्ठ्याहत्तर.
शेजारी बसले तर लोक म्हणतील,
आई का याची?"
हसली. दात तिने खास आजच्यासाठी लावले होते.

हमायाकने खुर्ची फिरवली,
खिडकी सेरोबच्या उजेडाच्या अंगाला येईपर्यंत.
मग पुन्हा थोडी फिरवली.
कॅमेरा बिचारा रंगीतच बघतो;
स्क्रीनवर ती आली तशीच, लालभडक,
घरी विणलेल्या स्वेटरमध्ये, एक टाका सुटलेला.
"दगडावर हा लाल कळेल ना?"

त्याने तिला शेजारी बसवून घेतलं.
एक बटण. रंग निथळून गेले,
मोरीत पाणी जावं तसे.
मग एकेका रंगाची पट्टी तो सरकवू लागला.
लाल वर नेला तर स्वेटर बर्फ,
तोंडाला पीठ फासल्यासारखं,
सुरकुत्या गेल्या, त्यांच्याबरोबर ओठही गेले.
लाल खाली आणला तर स्वेटर कोळसा
आणि गालावरची शीर न् शीर वर आली.

माझ्या भाषेत काळ्याला कुट्ट आहे, भोर आहे, ठिक्कर आहे,
पांढऱ्याला शुभ्र आहे, फटक आहे,
हिरवा गार होतो, पिवळा धमक,
लाल तर भडकही होतो, बुंदही.
राखाडीला सोबत द्यायला
कुणालाच सुचलेलं नाही.
तिच्या भाषेत असेल कदाचित.
ती बोलत नव्हती, बोटानेच सांगत होती:
थोडं मागे. अजून. अं हं.
थांब.

थांबली ती नेमकी
सेरोबच्या कोटाच्या करड्यावर.
"कुठल्या रंगाचा होता तो?" हमायाकने विचारलं.
बराच वेळ गेला.
"हिरवा असावा," ती म्हणाली.
"नाही... तो कोट त्याचा नव्हताच रे.
फोटोवाल्याचा होता. खुंटीला टांगलेला असायचा,
सगळी फॅक्टरी तोच घालून बसली."

पैसे मोजताना तिने दात काढून रुमालात बांधले
आणि बोबडं म्हणाली,
एक छोटा रंगीतही दे.
स्वयंपाकघरात लावते.

मेमध्ये तिने मला दगड बघायला नेलं.
तादेवोस सुईने ठिपका ठिपका टोचत होता.
काळं मला करावं लागत नाही, तो म्हणाला,
ते असतंच. मी फक्त पांढरं घालतो.
स्वेटरचा सुटलेला टाकाही त्याने घातला होता.
जन्मसाल घातलं, पुढे एक आडवी रेघ,
रेघेपुढे दगड तसाच ठेवला.
धूळ उडून तिच्या बाहीवर बसत होती,
बाही करडी होत होती.

ती वाकली, चष्मा वर केला, निरखून पाहिलं.
"नाक माझं नाही हे."
तादेवोसची सुई थांबली.
"असू दे," ती म्हणाली. "त्याला कुठे आठवतंय."